तुरटीचे दोन वेढे

पीएचडी कशात केली असं कुणी विचारलं की माझ्या तोंडातून आधी "कंबरदुखीत" असंच निघतं. समोरचा हसतो. मला हसू येत नाही. सात वर्षं मी लातूरहून पहाटेची एसटी पकडून नांदेडला गेले, आठवड्यातले तीन दिवस. उरलेले तीन दिवस लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणजे वर्गात उभी असेन तोवर प्राध्यापक, बाहेर आले की कुणीच नाही. रविवारी रेणापूरला, सासरी. नवरा उदगीरच्या बँकेत. तो सकाळी एकीकडे, मी दुसरीकडे. अहमदपूरला गाडी थांबली की चहा, लोह्याच्या पुढे डोळा लागायचा, आणि नांदेडला उतरताना चपलेत पाय मावायचे नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "लेकरं शाळंत जायला लागली, आन् आईची शाळा काही सुटंना." त्या चेष्टेनंच म्हणायच्या, पण लागायचं मला.

विषय सांगायला सोपा होता. हायड्रोजन हे चांगलं जळण, धूर नाही की काजळी नाही. आमच्याकडे उसाचं चिपाड ढिगानं पडतं. ते बंद भट्टीत तापवून त्यातून हायड्रोजन काढता येतो. पण तो एकटा येत नाही, कार्बन डायऑक्साइडला सोबत घेऊन येतो. दोघांना वेगळं करायचं तर मधे असा पडदा हवा की बारीक हायड्रोजन निसटून जाईल आणि दुसरा अडकून पडेल. पिठाच्या चाळणीचंच काम, फक्त भोकं डोळ्याला दिसणारी नाहीत. तो पडदा मी ग्राफीन ऑक्साइडचा करत होते. पेन्सिलीच्या शिशात असतं ते ग्राफाइट घ्यायचं, बर्फात भांडं ठेवून तीव्र आम्लात त्याची पूड मुरवायची, धुऊन धुऊन आम्ल घालवायचं. मग पाण्यात तरंगणारे पापुद्रे मिळतात, एकेक इतका पातळ की विचारू नका. ते पाणी प्लास्टिकच्या सच्छिद्र चकतीवर ओतून खालून पंपानं ओढलं की पापुद्र्यांचे थर एकावर एक चढतात. वाळल्यावर तपकिरी, चकाकता पडदा तयार. एका पडद्याला धुण्यापासून मोजणीपर्यंत तीन आठवडे जायचे.

आणि तीन आठवड्यांनी तो फुकट जायचा. कोरड्या वायूत बरा चालायचा, पण जरा दमट वायू सोडला की पापुद्रे फुगायचे, मधली फट वाढायची, आणि हायड्रोजनच्या मागोमाग कार्बन डायऑक्साइडही खुशाल पलीकडे. भट्टीतला वायू तर दमटच असणार. मोजायची पद्धत आमची गरिबाची होती: पलीकडून येणारा वायू काचेच्या नळीत सोडायचा, नळीत साबणाचा फुगा, आणि हातात घड्याळ. फुगा किती वेळात एका खुणेवरून दुसरीवर चढतो ते लिहायचं. दोन्ही वायूंचे फुगे सारख्याच वेगानं चढताना बघून मी किती वेळा घड्याळ टेबलावर आदळलं असेल, देव जाणे.

माझी नोंदणी संपत आली होती. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी मिळणार नाही असं विद्यापीठाचं पत्र हातात होतं. पुढच्या जूनअखेर प्रबंध दिला तर दिला, नाहीतर सात वर्षं पाण्यात. पदवी नाही तर कायमची नोकरी नाही. माझं वय अडतीस. आता नाही तर कधीच नाही, हे मला दिवसातून दहादा आठवायचं.

लॅबमध्ये आम्ही तिघंच. मी, माझे मार्गदर्शक सर, आणि एक मावशी. मावशी हिमायतनगरकडच्या एका खेड्यातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, एजन्सीमार्फत कामाला लागलेल्या. झाडझूड, काचसामान धुणं, पिण्याचं पाणी भरणं ही त्यांची कामं. मला म्याडम म्हणायच्या. मी आले की आधी पाण्याचा गिलास हातात द्यायच्या आणि विचारायच्या, "आज तरी व्हतंय का?" मी म्हणायचे, "बघू." एवढंच आमचं बोलणं. माझा स्वभाव तापट, त्यात पहाटेचं जागरण. त्यांच्यावर मी उगीच ओरडायचे, हे मला कबूलच करावं लागेल. बाटल्यांना हात लावू नका, हे तर मी त्यांना रोज बजावायचे.

त्या वर्षी पावसाळ्यात आमचं सेंट्रिफ्यूज बिघडलं. गरगर फिरवून गाळ खाली बसवणारं ते यंत्र. ते नसलं की धुणं म्हणजे नुसतं ताटकळणं. आम्लाचं पाणी काढून टाकायचं, नवं घालायचं, गाळ खाली बसायची वाट बघायची. सुरुवातीला बसतो. पण आम्ल कमी होत जातं तसे पापुद्रे पाण्यात असे पसरतात की बसायचं नावच घेत नाहीत. दोन दिवस झाले, मोठ्या बीकरमधलं ते तपकिरी पाणी जसंच्या तसं. मी डोक्याला हात लावून म्हटलं, "बसतच नाही ओ मावशी. काय करावं या पाण्याचं?"

मावशींनी वाकून बघितलं. "लई गढूळ हाय."

"हाव ना," मी म्हटलं, आणि पिशवी उचलून बसस्टँड गाठलं. लातूरला परीक्षेचं काम होतं.

मंगळवारी परत आले तर पाणी बसलेलं. वर नितळ, खाली छान जाड गाळ. मला इतका आनंद झाला की मी का, कसं, काही विचारलं नाही. वहीत लिहिलं, "पाच दिवस ठेवल्यावर बसले." वरचं पाणी काढून टाकलं, पुन्हा दोनदा धुतलं, हलवून पापुद्रे मोकळे केले आणि पडदा टाकला. तो सतरा नंबरचा.

सतरा नंबरला दमट वायू लावला आणि मी घड्याळ हातात घेऊन उभी राहिले. हायड्रोजनचा फुगा सरसर चढला. कार्बन डायऑक्साइडचा फुगा हलेचना. मला वाटलं नळी तुंबली. नळी बदलली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. मग सरांना बोलावलं. सर चष्मा कपाळावर चढवून फुग्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, जमलं की!" मावशींनी दारातून विचारलं, "झालं का?" मी चक्क त्यांच्या गळ्यात पडले. त्या लाजल्या. त्या दिवशी परतीच्या गाडीत मला कंबर दुखल्याचं आठवत नाही.

सरांनी दुसऱ्या दिवशी जमिनीवर आणलं. "एक पडदा म्हणजे काहीच नाही. तसेच तीन तरी करून दाखवा. मग लिहायला बसा."

तीन! मला वाटलं, त्यात काय. अठरा फुगला. एकोणीस फुगला. विसाव्याला चीर गेली. संक्रांत झाली, थंडी सरली, मी आता दोन-दोन पडदे एकदम टाकत होते आणि ते नापास होतच होते. ग्राफाइटची बाटली बदलली. पंपाचं तेल बदललं. पाच दिवस ठेवलं, सहा ठेवलं, दहा ठेवलं. पाणी बसलंच नाही, तसंच गाळून घेतलं. हवामानावर खापर फोडलं, मग स्वतःवर. शेवटी तर सतरा नंबरच्या दिवशी मी कोणती साडी नेसले होते ते आठवून तीच नेसून गेले. एम.एस्सी. झालेली बाई मी. हसा.

सतराचा उरलेला एक तुकडा आम्ही हैदराबादला तपासायला पाठवला होता. अहवालात कार्बन, ऑक्सिजन, आणि एका कोपऱ्यात थोडंसं ॲल्युमिनियम. मी सरांना विचारलं, हे कुठून आलं? सर म्हणाले, "तिकडच्या यंत्रात तुकडा ज्या चकतीवर ठेवतात ती ॲल्युमिनियमची असते. तिथून आलं असेल, सोडून द्या." मीही सोडून दिलं.

मे उजाडला. नांदेडचा मे तुम्हाला ठाऊक असेल तर मी काय सांगू. पंखा नुसती आग फेकत होता. चौतीस नंबरचा पडदा सकाळी चाचणीत गेला, म्हणजे वायाच गेला, आणि मी समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडायच्या बेतात होते. समोर मावशी दिसल्या, बीकर धूत. बीकरला साबणाचा पांढरा डाग होता.

"हे धुणं आहे का?" मी ओरडले. "असलं घाण काचसामान! म्हणून माझं काही होत नाही. सात वर्षं गेली माझी, तुम्हाला काय त्याचं?"

मावशींनी नळ बंद केला. एरवी त्या मुकाट ऐकून घ्यायच्या. त्या दिवशी त्यांचेही डोळे भरून आले. "माझ्यामुळं बिघडलं म्हनता? म्या कवा काही बिघडवलं न्हाई. उलट तुमचं पानी बसंना म्हनून म्याच तुरटी फिरवली व्हती तवा. बसलं का न्हाई? आन् तवाच तुमचं झालं का न्हाई?"

"काय फिरवलं?"

"तुरटी. आमच्या मडक्यात फिरवते तीच. नळाला गढूळ पानी आलं व्हतं ना त्या टायमाला. तुमचंबी तसंच गढूळ. दोन येढे दिले फकस्त." हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हातच जोडले. "म्याडम, कुनाला सांगू नका. बाटल्याला हात लावला म्हनून एजन्सीवाला काढून टाकंल."

माझं डोकंच फिरलं. सप्टेंबर ते मे! सतरा पडदे! एक शब्द आधी बोलली असती ही बाई तर! मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मला अहवालातला तो कोपरा आठवला. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. दहावीच्या पोराला माहीत असतं ते. ते पापुद्र्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकांशी बांधतं, गोधडीला टाके घालावेत तसं; मग दमट हवेतही पापुद्रे जागा सोडत नाहीत. मी मटकन स्टुलावर बसले. आधी हसले, मग रडले, आणि मावशी मला पदरानं वारा घालत "पानी प्या, म्याडम, पानी प्या" म्हणत राहिल्या.

हातात दीड महिना होता. आता प्रश्न असा की दोन वेढे म्हणजे किती? कुठल्याही पुस्तकात हे माप नाही. मी मावशींना त्यांच्या मडक्याजवळचा तोच खडा आणायला लावला. खडा वजन केला, तेवढ्याच मोठ्या बीकरमध्ये तेवढंच पाणी घेतलं आणि म्हटलं, "फिरवा, तेव्हा फिरवली तशी."

"येढा मोठा द्यावा का लहान?"

"तेव्हा कसा दिला होता?"

"घाईत दिला व्हता. कुनी बघंल म्हनून."

"मग घाईत द्या."

त्यांनी बांगड्या मागे सारल्या, दाराकडे एकदा बघितलं, आणि झरझर दोन वेढे दिले. खडा वाळवून पुन्हा वजन. असं पाच वेळा. माझ्या काट्यावर मिलिग्रॅममध्ये आकडा येत होता आणि पाचही वेळा तो जवळजवळ तोच. तीस वर्षं मडक्यात तुरटी फिरवलेला हात तो. मी तर म्हणते, आमच्या लॅबमधलं सगळ्यात भरवशाचं उपकरण तेच होतं.

आता प्रत्येक पडद्याला तीन आठवडे थांबायला वेळ नव्हता. धुतलेलं तपकिरी पाणी शिल्लक होतं, त्यातच तेवढी तुरटी वजन करून घातली. पस्तीस चालला. छत्तीस चालला. सदतीस चालला. तिन्ही वेळा दमट वायूत कार्बन डायऑक्साइडचा फुगा जागच्या जागी.

सरांना मी सगळं खरं सांगितलं, मावशींना काढू नका अशी शपथ घालून. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाई कमाल आहे!" म्हणाले. मग रुमालानं डोळे पुसून म्हणाले, "पण हे प्रबंधात लिहू नका. सफाईवाल्या बाईनं तुरटी फिरवली असं लिहिलंत तर परीक्षक तुमच्या बाकीच्या कामावरही शंका घेतील. ॲल्युमिनियमनं पापुद्रे बांधले जातात असे जुने निबंध आहेतच. त्यांचा आधार द्या. ते काही खोटं नाही." आणि मावशींचीही काळजी होतीच ना, नोकरीची. मी मान हलवली. प्रबंधात लिहिलं, "पूर्वीच्या अभ्यासांच्या आधारे ॲल्युमिनियमची निवड करण्यात आली." आभाराच्या पानावर लिहिलं, "प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी वर्ग." जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाच बाइंडिंग केलेल्या प्रती हातात धरून मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर उभी होते. आनंद व्हायला अंगात ताकद उरली नव्हती. गाडीत बसले ती लातूरलाच जागी झाले.

तोंडी परीक्षेला वर्षाहून जास्त लागलं. तोवर माझं नांदेडला जाणं सुटलं होतं. त्या दिवशी नवरा सोबत आला, रजा काढून. हॉलमध्ये वीसेक माणसं, समोर बाहेरगावचे परीक्षक, शांत, अभ्यासू. मी तासभर बोलले. पडदे, फुगे, आलेख. सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांनी पडद्यांच्या मापांचा तक्ता पुन्हा लावायला सांगितला आणि विचारलं, "हे ॲल्युमिनियमचं प्रमाण फार नेमकं आहे. जुन्या निबंधांत याच्या कितीतरी जास्त घेतलेलं आहे. इतकं कमी घ्यायचं तुम्हाला कसं सुचलं?"

तेव्हाच दारात मावशी दिसल्या. हातात चहाचा ट्रे, अंगावर कोरी जांभळी साडी, डोक्यावरून पदर. आमची नजरानजर झाली. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण तक्त्याकडे बोट दाखवलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्या हसल्या.

एक वाक्य पुरेसं होतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. मग मला सगळा हॉल हसताना दिसला, सरांचा चेहरा दिसला, आणि मी म्हणाले, "संदर्भ वाचताना, सर. कमीत कमी किती पुरेल हे मी टप्प्याटप्प्यानं तपासलं." परीक्षक म्हणाले, "फार छान." सरांनी सुटकेचा श्वास सोडला. मी मनाला सांगितलं, मावशींची नोकरी आहे, सांगून कसं चालेल. पण खरं सांगते, त्या क्षणी मावशींच्या नोकरीचा विचार माझ्या मनात नव्हता. मला माझं हसं होण्याची भीती वाटली, बस्स.

पदवी जाहीर झाली, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. बाहेर व्हरांड्यात मावशी माझी वाट बघत उभ्या होत्या. मी पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "आज ड्युटीवर नवी साडी?"

"ड्युटी कुठली, म्याडम. दिवाळीपासून काम सुटलं माझं, एजन्सी बदलली. हिथल्या शिपाईमामांनी फोन करून सांगितलं, तुमच्या म्याडमची परीक्षा हाय म्हनून. मंग आले. चहावाली पोरगी नवी हाय, तिच्या हातातून ट्रे घेतला, तेवढंच आत यायला." त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली केला. "आता मला कुनाचं भ्याव न्हाई. सायबानं तेच इचारलं ना? त्या कागदाकडं बोट केलतं त्यांनी. सुनेला सांगून आलेय म्या, आज मोठ्या लोकांत माझी तुरटी निघनार म्हनून. तुमी सांगितलं ना?"

"हाव," मी म्हटलं. "सांगितलं."

"मंग? काय म्हनले?"

नवरा मागून हाक मारत होता, गाडीची वेळ झाली म्हणून. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पेढा तसाच हातात.

"म्हणाले, फार छान," मी म्हटलं.

मावशींनी पदर तोंडाला लावला. "घरी जाऊन सांगते," म्हणाल्या, आणि पेढा न खाता पदराच्या टोकाला बांधून निघाल्या.